पात्यांची पाठवणी

आज खंडेनवमी. शेतकरी कोयत्या-खुरप्याला, सुतार करवतीला, कारखान्यातले कामगार यंत्राला हळदकुंकू वाहतील. घरोघरी विळी, सुरी, कात्री, अडकित्ता धुऊनपुसून पाटावर मांडले जातील. ज्यांच्या जिवावर वर्षभर दोन वेळचा स्वयंपाक झाला, त्या हत्यारांपुढे एक दिवस हात जोडण्याची ही रीत आम्हाला मनापासून प्रिय आहे, आणि म्हणूनच आज तिच्या राहून गेलेल्या बाजूबद्दल बोलावेसे वाटते. पाटावर मान मिळतो तो कामातल्या सुरीला. मूठ निखळलेली, टोक मोडलेली, गंज चढलेली सुरी मात्र दसरा-दिवाळीच्या आवराआवरीत खणातून निघते आणि तशीच उघडी कचऱ्याच्या पिशवीत जाते.

ती पिशवी पुढे कुणीतरी हाताने उघडते. पुण्यात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचक 2008 पासून महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करतात. त्याआधी, 1993 साली, कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि या बायांच्या कामाला काम म्हणून मान मिळू लागला. इतर शहरांत हेच काम घंटागाडीवरचे कामगार करतात. गाठ सोडायची, पिशवी उपडी करायची, ओल्या ढिगात हात घालून पुठ्ठा, बाटली, दुधाची पिशवी वेगळी काढायची. केळीच्या सालीखाली आडवे पडलेले पाते डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळते. साधे रबरी हातमोजे घाणीपासून वाचवतात, धारेपासून नाही. जखम खोल असेल तर टाके, औषध आणि वर बुडालेला रोज.

धनुर्वाताचे भय त्याहून मोठे. आपण त्याचा दोष गंजाला देतो, पण त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात. कचऱ्याने माखलेल्या हाताला झालेली खोल जखम म्हणजे त्यांना मोकळी वाट. ज्या हातांनी आपले घर स्वच्छ राहते, त्यांना धनुर्वाताची लस वेळेवर मिळते की नाही, हे प्रत्येक नगरपालिकेने पाहिलेच पाहिजे.

भांडण होते म्हणून सुरी हातातून हातात देऊ नये, खाली ठेवावी, असे आपल्याकडे अजून सांगतात. घरच्या माणसाच्या हाताची एवढी काळजी घेणाऱ्या समाजाला दारावर येणाऱ्या बाईच्या हाताची काळजी घेणे अवघड नाही. नियमांवर विसंबून मात्र चालणार नाही. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घातक घरगुती कचऱ्यात रंगाचे डबे, कीटकनाशके, ट्यूबलाइट, जुनी औषधे, सुया यांची नोंद केली. स्वयंपाकघरातल्या पात्यांचे नाव त्या यादीत नव्हते.

टाकण्याआधी धारवाल्याची वाट पाहावी. पुष्कळ सुऱ्यांना फक्त धार हवी असते. बोथट सुरीला जोर जास्त लावावा लागतो, ती टोमॅटोवरून निसटते आणि बोट कापते. ती तशीच वापरत राहणेही बरे नव्हे. सुरी खरोखर कामातून गेली असेल, तर पात्याची कड दगडावर उभी धरून घासावी, म्हणजे उरलीसुरली धारही जाते. मग जाड पुठ्ठ्याच्या दोन-तीन घड्यांत पाते गुंडाळावे, टोकाकडचा पुठ्ठा दुमडावा आणि चिकटपट्टी घट्ट लावावी. वर्तमानपत्राचा कागद पुरत नाही, ओला झाला की फाटतो. वर 'धारदार' असे लिहावेच, पण सुरीचे चित्रही काढावे; पुडके ज्यांच्या हाती जाते त्या सगळ्यांना वाचता येतेच असे नाही. नुसता लाल ठिपका नको, कारण 'स्वच्छ'च्या मोहिमेमुळे तो सॅनिटरी नॅपकिनची खूण झाला आहे. विळीचे पाते पाटापासून सोडवून असेच बांधावे. दाढीची पाती झाकणाच्या डबीत साठवावीत.

सगळ्यात चांगले म्हणजे हे पुडके भंगारवाल्याला सांगून द्यावे. सुरीच्या पात्याचे पोलाद बहुधा चुंबकाला चिकटते आणि लोखंडाच्या ढिगात जाते. जालन्याच्या भट्ट्यांमध्ये असेच भंगार वितळून बांधकामाच्या सळया होतात. आपल्या आजीच्या विळीचा शेवट कचरा डेपोत होण्यापेक्षा एखाद्या घराच्या स्लॅबमध्ये व्हावा, हे आम्हाला अधिक शोभणारे वाटते.

जपानमधील सेकी हे सुऱ्या-चाकूंसाठी नावाजलेले गाव. तिथे जुन्या पात्यांसाठी पेट्या ठेवतात आणि 8 नोव्हेंबरच्या सुमारास त्यांना विधिपूर्वक निरोप देतात. आपल्याकडे तर खंडेनवमी आयतीच आहे. गणेशोत्सवात निर्माल्यकलश ठेवायला सुरुवात झाली आणि लोकांनी ती सवय लावून घेतली. त्याच धर्तीवर प्रत्येक सोसायटीने, चाळीने, नवरात्र मंडळाने तेलाचा एक रिकामा पत्र्याचा डबा घ्यावा, झाकणाला सुरी जाईल एवढी चीर पाडून कडा ठोकून घ्याव्यात, डबा मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावा आणि दिवाळीनंतर तो बंदच भंगारवाल्याच्या स्वाधीन करावा. या कामाला ना निधी लागतो, ना ठराव. वाचकहो, आज पूजा मांडताना खणातली जुनी पातीही बाहेर काढा आणि संध्याकाळपर्यंत तो डबा जिन्याखाली ठेवा.