जपानचे दार उघडले, पण कोणते?

ऑगस्ट २०२५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या जपान दौऱ्यात उभय देशांनी मनुष्यबळाच्या देवाणघेवाणीचा कृती आराखडा जाहीर केला. पाच वर्षांत दोन्ही देशांत मिळून पाच लाख लोकांची ये-जा व्हावी आणि त्यात भारतातून जपानला जाणारे ५० हजार कुशल कर्मचारी व होतकरू उमेदवार असावेत, असे उद्दिष्ट त्यात ठेवण्यात आले. जपानी भाषेच्या अध्यापनाची जुनी परंपरा असलेल्या पुण्यासारख्या शहरात या घोषणेचे स्वागत होणे साहजिकच होते. तथापि, ‘जपानला जाणे’ ही एकच एक गोष्ट नाही. कोणत्या परवान्यावर जायचे, यावर पगाराइतक्याच महत्त्वाच्या दोन गोष्टी ठरतात. पत्नी-मुलांना सोबत नेता येईल काय आणि तेथे घालवलेली वर्षे कायम वास्तव्यासाठी मोजली जातील काय? या दोन प्रश्नांची उत्तरे विमानात बसण्यापूर्वीच निश्चित झालेली असतात. जाणाऱ्याला मात्र ती बहुधा उशिरा कळतात.

जपानला माणसे हवी आहेत, यात शंका नाही. २०२४ मध्ये त्या देशात अवघी ६ लाख ८६ हजार मुले जन्माला आली. मृत्यू सुमारे १६ लाख झाले. जननदर १.१५ इतका खाली गेला. कारखाने, बांधकाम, शेती, उपाहारगृहे आणि वृद्धांची शुश्रूषा या साऱ्या क्षेत्रांत हातांची टंचाई आहे. २०२४ अखेर तेथे राहणाऱ्या परदेशी नागरिकांची संख्या ३७ लाख ६८ हजारांवर पोचली होती. त्यात भारतीय होते सुमारे ५४ हजार. चीन, व्हिएतनाम किंवा नेपाळच्या तुलनेत हा आकडा लहानच म्हटला पाहिजे.

परंतु माणसे हवी असणे आणि माणसे कायमची हवी असणे यांत फरक आहे. २०१८ मध्ये परदेशी कामगारांसाठी नवा कायदा आणताना तत्कालीन पंतप्रधान शिंझो आबे यांनी, हे स्थलांतरितांना वसवण्याचे धोरण नव्हे, असे पुन्हा पुन्हा बजावले होते. जपानची आजची परवाना पद्धत समजून घ्यायची तर हे आश्वासन लक्षात ठेवावे लागते. ते परदेशी कामगारांना नव्हे, जपानी मतदारांना दिलेले होते.

जपानमध्ये व्हिसा हा केवळ प्रवेशाचा कागद असतो. खरे महत्त्व ‘निवास दर्जा’ला आहे. नोकरी देणारी संस्था प्रथम जपानच्या इमिग्रेशन सेवा संस्थेकडून पात्रता प्रमाणपत्र मिळवते. त्याच्या आधारे भारतातील जपानी दूतावास वा वाणिज्य दूतावास व्हिसा देतो. विमानतळावर उतरल्यावर जे निवासपत्र हाती पडते, त्यावर दर्जा आणि मुदत छापलेली असते. कोणते काम करता येईल, नोकरी बदलता येईल काय, कुटुंब आणता येईल काय, हे सारे त्या दर्जावर अवलंबून असते.

पहिला मार्ग पदवीधरांचा आहे. अभियंते, संगणक तज्ज्ञ, लेखापाल, दुभाषे अशा व्यवसायांसाठी एक सामाईक दर्जा आहे. संबंधित विषयातील पदवी किंवा सर्वसाधारणपणे दहा वर्षांचा अनुभव ही त्याची मुख्य अट. तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत मुदत मिळते, ती वाढवता येते आणि पती वा पत्नी व मुलांना सोबत नेता येते. जोडीदाराला परवानगी घेऊन आठवड्याला २८ तासांपर्यंत कामही करता येते. टोकियोच्या निशी-कासाई भागात जी भारतीय वस्ती उभी राहिली, ती मुख्यतः याच वाटेने आलेल्या संगणक अभियंत्यांची.

याच मार्गाची वरची पायरी म्हणजे २०१२ मध्ये सुरू झालेली उच्चकुशल व्यावसायिकांची गुणांकन पद्धत. शिक्षण, अनुभव, वय, पगार आणि जपानी भाषेचे ज्ञान यांना गुण मिळतात. डॉक्टरेटला ३०, पदव्युत्तर पदवीला २०, भाषेच्या सर्वोच्च ‘एन-१’ परीक्षेला १५ असा हिशेब असतो. सत्तर गुण झाल्यास तीन वर्षांत आणि ऐंशी गुण झाल्यास एका वर्षात कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. एरवी त्यासाठी दहा वर्षे थांबावे लागते.

दुसरा मार्ग विशिष्ट कुशल कामगारांचा. एप्रिल २०१९ मध्ये तो खुला झाला आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताने त्यासाठी जपानशी सहकार्य करार केला. येथे पदवीची अट नाही. कामाची कौशल्य परीक्षा आणि जपानी भाषेची ‘एन-४’ पातळीची परीक्षा द्यावी लागते. मार्च २०२४ मध्ये जपान सरकारने या योजनेतील क्षेत्रे १६ वर नेली आणि पाच वर्षांसाठी ८ लाख २० हजारांची मर्यादा ठरवली. पगार जपानी कामगाराइतका किंवा अधिक असावा, अशी अट आहे आणि त्याच क्षेत्रात मालक बदलण्याची मुभाही आहे. पदवी नसलेल्या, पण हातात कसब असलेल्या तरुणाला ही संधी मोलाची वाटावी, यात नवल नाही.

खरी मेख पुढे आहे. या दर्जाचे दोन स्तर आहेत. पहिल्या स्तरावर एकूण पाच वर्षांपर्यंतच राहता येते आणि कुटुंब आणता येत नाही. दुसऱ्या स्तरासाठी अधिक कठीण परीक्षा व अनुभव लागतो. तो मिळाला, तर मुदत वाढवत राहता येते आणि पत्नी-मुलेही येऊ शकतात. वृद्धांच्या शुश्रूषेच्या क्षेत्राला मात्र दुसरा स्तरच नाही. तेथे टिकून राहायचे तर जपानी भाषेतून राष्ट्रीय परीक्षा देऊन शुश्रूषा व्यावसायिकाचा वेगळा दर्जा मिळवावा लागतो.

कायम वास्तव्यासाठी साधारणतः दहा वर्षे सलग जपानमध्ये राहावे लागते आणि त्यांतील किमान पाच वर्षे काम करण्याच्या दर्जावर गेलेली असावी लागतात. या पाच वर्षांच्या हिशेबात तांत्रिक प्रशिक्षणार्थी म्हणून आणि विशिष्ट कुशल कामगाराच्या पहिल्या स्तरावर घालवलेला काळ धरलाच जात नाही. म्हणजे तेविसाव्या वर्षी गेलेला तरुण पहिल्या स्तरावर पाच वर्षे राबला, कर भरले, निवृत्तिवेतनाचा हप्ता भरला, तरी त्या पाच वर्षांचे घड्याळ त्याच्यासाठी सुरूही झालेले नसते. त्याच वयात पदवीधरांच्या दर्जावर गेलेल्या त्याच्या मित्राची मात्र पाच वर्षांची अट पुरी झालेली असते. श्रम दोघांचेही असतात. हिशेबात एकाचेच धरले जातात.

ही रचना कशातून आली, हे जुन्या तांत्रिक प्रशिक्षण योजनेकडे पाहिले की कळते. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेचा घोषित हेतू विकसनशील देशांना कौशल्य देण्याचा होता. प्रत्यक्षात ती स्वस्त मजुरीची योजना ठरली. मालक बदलण्याची मोकळीक नसल्याने आणि मायदेशातील दलालांना पैसे देण्यासाठी कर्ज काढलेले असल्याने अनेकांची कोंडी झाली. २०२३ या एका वर्षात ९,७०० हून अधिक प्रशिक्षणार्थी कामाच्या ठिकाणांहून निघून गेले. अखेर जून २०२४ मध्ये जपानी संसदेने ही योजना मोडीत काढून नवी पद्धत आणण्याचा कायदा केला. एप्रिल २०२७ ही तिच्या अंमलबजावणीची तारीख. काही अटींवर मालक बदलण्याची सवलत त्यात आहे. कुटुंबाचा प्रश्न मात्र तिनेही सोडवलेला नाही.

दुसरीकडे वारे उलट्या दिशेनेही वाहू लागले आहेत. जुलै २०२५ च्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत ‘जपानी प्रथम’ अशी घोषणा देणाऱ्या सानसेईतो पक्षाने १४ जागा जिंकल्या. ऑक्टोबरमध्ये सानाए ताकाइची पंतप्रधान झाल्या, तेव्हा परदेशी नागरिकांबाबतचे नियम कडक करणे हा राजकारणाचा मध्यवर्ती विषय झाला होता. त्याच महिन्यात व्यवसाय चालवण्यासाठीच्या निवास दर्जाची भांडवलाची अट ५० लाख येनवरून थेट ३ कोटी येनवर गेली. शिवाय एक पूर्णवेळ कर्मचारी आणि जपानी भाषेचे ज्ञान यांची अटही आली. आधीपासून असलेल्यांना तीन वर्षांची सवलत मिळाली खरी. पण छोटे उपाहारगृह टाकून जम बसवू पाहणाऱ्यांसाठी हा मार्ग जवळपास बंद झाला. २०२४ च्याच कायद्याने, जाणूनबुजून कर किंवा सामाजिक विम्याचे हप्ते बुडवल्यास कायम वास्तव्याचा दर्जाही काढून घेण्याची तरतूद केली. ‘कायम’ हा शब्द यापुढे काहीसा सैलपणेच वाचावा लागेल.

कायम वास्तव्य मिळाल्यावरही मतदानाचा हक्क मिळत नाही. तो हवा तर जपानी नागरिकत्व घ्यावे लागते आणि दुहेरी नागरिकत्व भारतालाही मान्य नाही, जपानलाही नाही. मूळचे महाराष्ट्रातील योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले, ते जपानी नागरिक झाल्यानंतरच. आई-वडिलांचा प्रश्न तर याहून अवघड आहे. सर्वसाधारण दर्जावर त्यांना दीर्घकाळ नेता येत नाही. उच्चकुशल व्यावसायिकाला तशी सवलत आहे; पण ती सात वर्षांखालील मुलाच्या संगोपनासारख्या कारणापुरती आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८० लाख येन असेल तरच. म्हाताऱ्या आई-वडिलांची जबाबदारी शिरावर असलेल्या मराठी घरात या अटीचे वजन वेगळे सांगायला नको.

या साऱ्याची तुलना आखाताशी करण्याचा मोह होतो. रत्नागिरी-रायगडमधील कित्येक कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या आखातावर उभ्या राहिल्या. तेथे सामान्य कामगाराने कायम वास्तव्याची अपेक्षाच धरली नाही. पैसा कमवायचा आणि गावी परतायचे, हा व्यवहार दोन्ही बाजूंना स्पष्ट होता. जपानचे तसे नाही. तेथे वर चढण्याची शिडी खरोखरच आहे. फक्त तिच्या खालच्या काही पायऱ्या गळालेल्या आहेत. शिडी दिसते म्हणून माणूस भाषा शिकतो, उमेदीची वर्षे देतो, लग्न लांबवतो. फसगतीची शक्यता म्हणूनच येथे अधिक आहे. ती कायद्याने होत नाही, अपुऱ्या माहितीने होते.

परदेशी नोकरभरती करणाऱ्या दलालांची नोंदणी १९८३ च्या स्थलांतर कायद्याने बंधनकारक केली. परंतु नोंदणीकृत दलालही उमेदवाराला पगाराचा आकडा आधी सांगतो आणि निवास दर्जाचे नाव शेवटी, किंवा सांगतही नाही. ५० हजारांचे उद्दिष्ट गाठण्याच्या घाईत सरकारी यंत्रणेनेही तेच केले, तर आकडा पूर्ण होईल आणि माणसे अर्ध्या वाटेवर राहतील. प्रत्येक उमेदवाराला करारासोबत त्याच्या दर्जाचे नाव, मुदत, कुटुंबाचा हक्क आणि कायम वास्तव्याच्या हिशेबातील स्थान मराठीत लेखी देणे, हे राज्याच्या कौशल्य विकास खात्याला अशक्य नाही. ‘एन-४’ वर न थांबता वरच्या परीक्षांपर्यंत भाषा शिकवण्याची सोय करणेही तितकेच निकडीचे आहे. कारण दुसऱ्या स्तराची कौशल्य परीक्षा आणि शुश्रूषेची राष्ट्रीय परीक्षा या दोन्ही जपानी भाषेवरील पकडीशिवाय सुटत नाहीत.

भारत आणि जपान यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. त्यामुळे एका देशात निवृत्तिवेतनासाठी भरलेली वर्षे दुसऱ्या देशात पात्रतेसाठी जोडली जातात. निवृत्तिवेतनाच्या हिशेबात कामगाराची वर्षे मोजायला दोन्ही सरकारे राजी झाली, तर निवास दर्जाच्या हिशेबात ती का मोजली जाऊ नयेत, हा प्रश्न नवी दिल्लीने टोकियोला विचारण्यासारखा आहे. पाठवणाऱ्या देशाने केवळ माणसांची संख्या न मोजता त्यांच्या वर्षांचाही सौदा करायचा असतो. तोवर जाणाऱ्याने पगाराच्या आधी आपल्या दर्जाचे नाव विचारावे, हेच शहाणपणाचे.