अ‍ॅक्रिलिकची टाळू जुनाट नव्हे

वरचा जबडा काढलेल्या रुग्णाला ‘अ‍ॅक्रिलिकची कवळी देणे जुनाट, थेट टायटॅनियमच बसवावे’ हे गेल्या अंकातील पत्र वाचले. असा सल्ला रुग्णांना घाबरवतो. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजारामुळे आपल्याकडे अनेकांचा वरचा जबडा काढावा लागून टाळूला भोक पडले. प्यायलेले पाणी नाकातून येते, बोलणे कळेनासे होते. ते भोक बुजवणारा ऑब्च्युरेटर बहुधा अ‍ॅक्रिलिकचाच असतो, आणि त्याला सबळ कारण आहे. जखम भरताना सुरुवातीचे काही महिने आकार बदलत राहतो. अ‍ॅक्रिलिक घासता येते, वाढवता येते, तुटले तर जोडता येते. भोकात बसणारा भाग पोकळ केला की वजनही घटते. मऊ सिलिकॉन भोकाच्या कडांना सोसते खरे, पण त्यावर बुरशी धरते आणि ते वरचेवर बदलावे लागते. शिवाय कवळी काढून आतली जखम तपासता येते. कर्करोगाच्या रुग्णासाठी तर हे फार मोलाचे.

दात उरलेच नसतील तर गालाच्या हाडातील इम्प्लांटचा आधार मोठा, हे मान्य. पण त्यावर बसवायची टाळूही बहुतेकदा अ‍ॅक्रिलिकचीच असते! खर्चाबद्दल तर पत्रलेखकांनी अवाक्षर काढलेले नाही.

— एक दंतवैद्य, नाशिक