मिनिटे पुसली, धंदा तोच

केंद्रीय कामगारमंत्र्यांनी कान उपटले आणि झटपट घरपोच किराणा देणाऱ्या ब्लिंकिट या अ‍ॅपच्या जाहिरातीतून ‘१० मिनिटांत’ हे शब्द गायब झाले. चांगले झाले. सिग्नल तोडत, उलट्या दिशेने दुचाकी पिटाळणाऱ्या पोरांच्या जिवाची सरकारला एकदाची आठवण झाली. पण शब्द पुसल्याने धंदा बदलत नाही. या धंद्याने ज्याच्या पोटावर पाय दिला, तो नाक्यावरचा वाणी या साऱ्या चर्चेत कोणालाच दिसला नाही.

वितरकांच्या अखिल भारतीय महासंघाने वर्षभरात दोन लाख किराणा दुकाने बंद पडल्याचा दावा २०२४ मध्येच केला होता. आकडा फुगवलेला आहे असे धरा, निम्मा करा. तरी एक लाख कुटुंबे होतात. तक्रार स्पर्धा आयोगाकडेही गेली. तिथल्या कागदांना १० मिनिटांची घाई कधीच नव्हती.

वाण्याकडून माल घेणे म्हणजे त्याच्यावर उपकार, अशी एक समजूत सुशिक्षितांत आहे. ती खोटी आहे. फायदा आपला आहे. तो १० रुपयांची मोहरी पुडीत बांधून देतो, त्यावर हाताळणी शुल्क लावत नाही आणि पाऊस पडला म्हणून जादा आकारही घेत नाही. पगार लांबला तर वहीत मांडून ठेवतो, बिनव्याजी. डाळीला कीड निघाली तर मुकाट्याने बदलून देतो, कारण उद्या त्याला त्याच गल्लीत तोंड दाखवायचे असते. अ‍ॅपला तोंडच नाही! मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि ऑनलाइन मागण्या अडकून पडल्या, तेव्हा अर्धे शटर वर करून तेल-मीठ कोणी दिले, हे शहरे इतक्यात विसरली?

शिवाय बचत गटाच्या बायकांचे पापड, शेजारच्या गल्लीत कुटलेला मसाला, गावच्या घाण्याचे तेल हा माल विकायला ठेवतो तो वाणीच. त्याच्या गल्ल्यातला पैसा हमालाला, टेम्पोवाल्याला, दुकानातल्या पोऱ्याला मिळतो आणि तिथेच फिरतो. दुकान मिटले की या सगळ्यांची बाजारपेठ मिटते. दुकान चालू असते तोवर याचा हिशेब कोणी मांडत नाही.

वाण्याच्या काट्यात खोट असते, तो बिल देत नाही, हे आक्षेप आम्हाला ठाऊक आहेत. त्यासाठी वैधमापन विभाग आहे, त्याने काम करावे. पण अ‍ॅपच्या गोदामात तर गिऱ्हाइकाला पाऊलही ठेवता येत नाही. धारावीतल्या अशाच एका गोदामात खाद्यपदार्थांवर बुरशी आढळल्याने अन्न व औषध प्रशासनाने जून २०२५ मध्ये परवाना स्थगित केला, तेव्हा कुठे आत काय चालते ते कळले.

आणि राज्यकर्त्यांचे काय? किरकोळ व्यापारात परकी भांडवल नको म्हणून सप्टेंबर २०१२ मध्ये ‘भारत बंद’ पुकारणारे आज दिल्लीत सत्तेवर आहेत. परकी भांडवलाच्या ऑनलाइन कंपनीने फक्त बाजारपेठ पुरवावी, स्वतःचा माल विकू नये, हा नियमही आहे. तो कागदोपत्री पाळून पळवाट काढली जाते, असे व्यापारी घसा कोरडा होईतो सांगत आहेत. दुकानदाराच्या पाटीवरच्या अक्षरांचा आकार मोजायला माणसे मिळतात. या गोदामांतला माल नक्की कोणाचा, हे तपासायला मिळत नाहीत. तोटा सोसून स्वस्त विकायचे, शेजारचे दुकान बसले की भाव चढवायचे, हा डाव ओळखायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. सरकारने जाहिरातींची भाषा तपासण्यापेक्षा या कंपन्यांच्या सवलतींचे आणि साठ्याचे हिशेब तपासावेत, तेही वेळ ठरवून.

वाचकांनी मात्र सरकारची वाट पाहू नये. या महिन्याची यादी वाण्याकडे टाका. सामान तोही घरपोच पाठवतो, आणि त्याचे वेगळे पैसे सहसा घेत नाही.