डिस्क त्यांची, लग्न आपलं

लग्नसराई आटोपली, अल्बम लॅबकडे गेले, आणि दरवर्षीप्रमाणे संपादकांच्या टपालात एकच प्रश्न येऊन पडला आहे: "मोठी एक्स्टर्नल हार्डडिस्क घ्यायची आहे, कुठल्या कंपनीची घेऊ?" अर्नाळ्यापासून नायगावपर्यंत सगळ्यांचा हाच प्रश्न. यंदा तो जास्त टोचतो, कारण दिवाळीआधीच्या भावात तीच डिस्क द्यायला लॅमिंग्टन रोडचा एकही दुकानदार तयार नाही. सगळ्या हार्डडिस्कचे भाव टप्प्याटप्प्याने वाढवत आहोत, असं वेस्टर्न डिजिटलने सप्टेंबर २०२५ मध्येच आपल्या ग्राहकांना कळवलं होतं. एआयवाल्यांची डेटा सेंटरं मोठ्या डिस्क ट्रक भरभरून उचलताहेत आणि त्याच रांगेच्या शेपटाला आपण एक नग मागत उभे आहोत. २०११ साली थायलंडच्या पुरात कारखाने बुडाले तेव्हाही "भाव उतरले की घेतो" म्हणणारे आपल्यात पुष्कळ होते. पूर ओसरला, भाव ओसरेपर्यंत मात्र पुढचे सीझन निघून गेले. तेव्हा थांबू नका, एवढं आधीच सांगून ठेवतो.

कंपनीच्या प्रश्नाला फार जागा देत नाही. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपल्याकडच्या तीन लाखांच्या आसपास डिस्कपैकी किती गेल्या, याचा हिशेब नियमाने जाहीर करते. २०२४ सालचा आकडा आहे १.५७ टक्के, म्हणजे वर्षाला शंभरात एक-दोन. मॉडेलागणिक फरक पडतो, पण एखाद्या कंपनीच्या नावाने बोटं मोडावीत इतका नाही. शिवाय त्यांच्या डिस्क थंडगार खोलीत जागेवर पक्क्या बसवलेल्या असतात. आपल्या डिस्क ॲक्टिव्हाच्या डिकीत, ओल्या रेनकोटखाली, खाऱ्या वाऱ्यात फिरतात. कंपनी बदलून तो वारा बदलत नाही.

मापाचा हिशेब मात्र बहुतेकांचा चुकतो. ४के, १०० एमबीपीएस म्हणजे तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे, हळद आणि लग्न मिळून प्रत्येकी आठ तास धरले की ७२० जीबी झाले. त्यात रॉ फोटो, ड्रोन आणि गिंबलवरचं स्लो मोशन घातलं की एक काम ९०० जीबीपर्यंत सहज जातं. ४ टीबीची डिस्क विंडोजवर ३.६३ दिसते (दुकानदाराशी भांडू नका, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने). थोडक्यात, चार लग्नं. म्हणून मग काही जण १८ टीबीची साडेतीन इंची पेटी आणतात आणि वीस घरांची लग्नं एकाच १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर टांगून ठेवतात. त्या ॲडॉप्टरवर आजच्या आज नावाची पट्टी चिकटवा. काही लॅपटॉपची १९ व्होल्टची पिनसुद्धा त्या पेटीत बसते, एकदाच बसते.

अडीच इंची डिस्क २ टीबीच्या वरची असली की ती एसएमआर आहे असंच धरून चाला. आपल्याकडच्या जुन्या घरांवरच्या कौलांसारखे तिचे ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात. एक कौल बदलायचं तर शेजारची हलवावी लागतात. एकदाच भरून कपाटात ठेवायला ती उत्तम. तिच्यावरच प्रीमियरचा प्रोजेक्ट ठेवून मिक्सिंग करणाऱ्यांनी "डिस्क स्लो झाली" अशी पत्रं कृपया पाठवू नयेत. साडेतीन इंचीतही ८ टीबीपर्यंत एसएमआर भेटते आणि खोक्यावर त्याचा पत्ता नसतो. नाससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रेड डिस्कमध्ये वेस्टर्न डिजिटलने एसएमआर घातल्याचं एप्रिल २०२० मध्ये उघड झालं, तेही गिऱ्हाइकांनी छडा लावल्यावर.

ऑनलाइनवर दोन-तीन हजारांत मिळणारी "१६ टीबी एसएसडी" घेऊन फसलेल्या तिघांची पत्रं आली आहेत. त्या डबीत मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं, ते मागचा डेटा खात पुढचा लिहीत राहतं. यूएसबी हार्डडिस्कला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे; आर ने सुरू होणारा क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकायला अर्धं मिनिट लागतं. दहा-बारा वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाने ते अर्धं मिनिट वाचवावं, हे मला समजत नाही. सुटी डिस्क घेऊन स्वतः पेटीत बसवणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. २०२५ च्या सुरुवातीला सीगेटच्या वापरलेल्या सर्व्हर डिस्क तास पुसून नव्या म्हणून विकल्याचं युरोपात उघडकीला आलं. क्रिस्टलडिस्कइन्फोत शून्य तास दिसले तरी सीगेटची डिस्क स्वतः ठेवते तो फार्म लॉगही वाचा.

आता मुख्य तक्रार. ती माझीच आहे, पण टपाल बघता तुमच्यातल्या अनेकांची आहे.

गेल्या पावसाळ्यात माझी ५ टीबीची एक डिस्क दिसेनाशी झाली. वॉरंटी तीन वर्षांची, झालेली दोन. केबल अंगठ्याने दाबून धरली की दिवा लागायचा, सोडली की विझायचा. म्हणजे आतली तबकडी ठणठणीत, बाहेरचा मायक्रो-बी पोर्ट ढिला. बऱ्याच अडीच इंची डिस्कमध्ये हा पोर्ट थेट सर्किट बोर्डावरच डाखलेला असतो, त्यामुळे डिस्क काढून दुसऱ्या पेटीत घालण्याची सोय नाही. त्या डिस्कवर आगाशीचं एक लग्न होतं. फिल्म देऊन दोन वर्षं झाली होती, पण नवरीच्या भावाला कच्चं फूटेज हवं होतं: हळदीच्या रात्रीचा काकांचा नाच. मिक्सिंगमध्ये लांबतो म्हणून तो मीच कापला होता. काका आता नाहीत.

आधी ऑनलाइन अर्ज. त्यात "तुमची अडचण निवडा" या यादीत पोर्ट ढिला असल्याचा पर्यायच नव्हता, म्हणून "डिस्क ओळखली जात नाही" यावर बोट ठेवलं. मग विरार फास्ट, मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर टोकन, मग दीड तास. काउंटरवरच्या मुलाने डिस्क उलटीपालटी केली, पोर्टात टॉर्च मारला आणि विचारलं, "काका, समुद्राजवळ राहता का?"

मी म्हटलं, "वसईत राहतो. आमच्याकडे लांब म्हणजे किती लांब धरायचं?"

पोर्टाच्या कडेला गंज होता. गंज म्हणजे हवामानाने झालेलं नुकसान, ते वॉरंटीत बसत नाही. बरीच घासाघीस झाल्यावर गंज "किरकोळ" ठरला. तेवढ्यात दुसरा प्रश्न आला: "डेटा हवाय की डिस्क?" मी दोन्ही म्हणालो. त्याने शांतपणे समजावलं. डिस्क हवी असेल तर ही इथे जमा करायची, तिच्या जागी रिसर्टिफाइड, म्हणजे कुणाची तरी दुरुस्त केलेली, मिळेल. वॉरंटी उरलेल्या एका वर्षाची. डेटा हवा असेल तर रिकव्हरीवाल्याकडे जायचं, पण सील तुटलं की वॉरंटी संपली. मी म्हटलं, पोर्ट डाखून घेतो, डेटा काढतो आणि मग हीच डिस्क आणून देतो. "सील तुटलं की वॉरंटी संपली." बरं, जमा केलेल्या डिस्कचं पुढे काय होतं? "पुसतात." कोण, कुठे, लिहून मिळेल का? त्यासाठी फॉर्म नाही.

त्या मुलावर माझा राग नाही. त्याच्यामागे निळ्या क्रेटमध्ये आमच्यासारख्यांच्या पंचवीस-तीस डिस्क पडल्या होत्या, प्रत्येकीवर नुसतं एक स्टिकर. प्रत्येकीत कुणाची तरी हळद, कुणाचं बारसं, बाथरूममध्ये नटणाऱ्या करवल्या. आपण पार्टीला "तुमचे फोटो सुरक्षित आहेत" असं छातीठोक सांगतो आणि ते एका क्रेटमध्ये विनापावती टाकून येतो. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. ते पुरते लागू झाल्यावर त्या क्रेटचं उत्तर कुणी द्यायचं? माझ्या अंदाजाने बोट आपल्याकडेच वळेल.

डिस्क परत आणली. विरार स्टेशनसमोरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने मायक्रोस्कोपखाली पोर्ट डाखून दिला. काम वीस मिनिटांचं, पैसे एका जेवणाचे. काकांचा नाच मिळाला, अकरा मिनिटांचा. वॉरंटी गेली.

कायद्याची गंमत याहून मोठी आहे. डिस्क आपण जीएसटी नंबरावर घेतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या व्याख्येत व्यापारी हेतूने वस्तू घेणारा हा ग्राहकच नाही. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेणाऱ्याला सूट आहे, पण मी तसा आहे हे आयोगापुढे मीच पटवायचं. आपली पार्टी मात्र निर्विवाद ग्राहक. लग्नाचे फोटो गेले म्हणून फोटोग्राफरला भरपाई द्यायला लावल्याचे आदेश देशभरच्या ग्राहक आयोगांनी दिलेले आहेत. डिस्क कंपनीची जबाबदारी डिस्कपुरती, हे तिने वॉरंटीच्या कागदावर छापूनच ठेवलं आहे. आपण काय छापलं आहे? कोटेशनच्या तळाशी "चुकभूल देणे घेणे".

आणि इथे मला कंपन्यांपेक्षा आपल्याच मंडळींवर चिडायचं आहे. ड्रोनचे पैसे वेगळे लावतो, एलईडी वॉलचे लावतो, प्री-वेडिंगला पार्टीकडून टोलसुद्धा घेतो. डेटा साठवणीची ओळ किती जणांच्या कोटेशनमध्ये आहे? "तुझं लग्न माझ्याकडे कायम आहे" असं सांगून टाकायला काय जातं! कायम म्हणजे किती वर्षं? माझ्याकडे मिनी डीव्हीच्या कॅसेट आहेत, त्या चालवायला कॅमेरा नाही.

पीटर क्रोग हा आपल्याच धंद्यातला, फोटोग्राफर. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक जागेबाहेर, हा नियम त्याने रुळवला तो संगणकवाल्यांसाठी नव्हे, आपल्यासारख्यांसाठी. आपल्यातल्या पुष्कळांची "दुसरी प्रत" त्याच टेबलाच्या खालच्या खणात असते. १० जुलै २०१८ आठवा. नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली, लोकल बंद, मिठागरातली वस्ती अडकलेली, आणि आपले तळमजल्यावरचे गाळे. किती जणांनी यूपीएस आधी उचलला आणि खालचा खण विसरला, हे मला नावानिशी माहीत आहे, छापत नाही. दुसरी प्रत दुसऱ्या खोलीत ठेवून भागत नाही. ती पाणी चढणार नाही अशा दुसऱ्या इमारतीत ठेवा: मेहुण्याकडे, सासरी, कुठेही, सिलिका जेलची पुडी घालून घट्ट झाकणाच्या डब्यात. क्लाउडचं म्हणाल तर ९०० जीबी घरच्या लाइनवरून चढवून बघा आणि मध्ये लाइट गेली की किती वेळा पुन्हा सुरू करावं लागतं ते मोजा. अंतिम फिल्म आणि निवडक फोटो जरूर चढवा. रॉचा नाद सोडा.

तेव्हा डिस्क नव्हे, जोडी घ्या. एक मोठी घेण्याऐवजी तिच्या निम्म्या मापाच्या दोन, जमल्यास वेगवेगळ्या दुकानांतून, म्हणजे एकाच लॉटच्या येणार नाहीत. कार्ड दोन्हीकडे उतरल्याशिवाय फॉरमॅट करू नका, मग दुसरी ऑर्डर उद्या पहाटेची असली तरी. आणि तिसरी प्रत पार्टीच्या डिस्कवर, पार्टीच्या पैशाने, सहीची पोच घेऊन. कोटेशनमध्ये स्पष्ट लिहा: अल्बम मंजूर झाल्यापासून अमुक महिने आम्ही ठेवू, पुढे ठेवायचं तर वर्षाला इतके. "शेजारचा स्टुडिओ घेत नाही" हे उत्तर मला ठाऊक आहे. शेजारचा स्टुडिओही हेच मासिक वाचतो, त्यालाही हेच सांगतो आहे.

हे एकेकट्याने होणार नाही, म्हणून संघटनांना विनंती. १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन येईल. शाल, श्रीफळ, ज्येष्ठांचा सत्कार, संध्याकाळी जेवण. सत्कार जरूर करा, पण त्या दिवशी करारनाम्याचा एक नमुना, मराठीत, एका पानाचा, प्रत्येक सभासदाच्या हातात पडू द्या. क्रिकेटच्या स्पर्धेसाठी वर्गणी आठ दिवसांत गोळा होते. वकिलाकडून एक पान तपासून घ्यायला इतकी वर्षं का लागावीत? आमच्याकडून मसुदा पुढच्या अंकात छापतो. त्यात खोड काढा, पण काढा.

आणि कंपन्यांना पाठवायच्या निवेदनासाठी आम्हाला कागद हवे आहेत. मागणी मोठी नाही: वॉरंटीत बदललेली जुनी डिस्क गिऱ्हाइकासमोर भोक पाडून नष्ट करण्याचा पर्याय, आणि पोर्टाची दुरुस्ती सील तुटल्याचं न धरता. ज्यांनी गेल्या तीन वर्षांत वॉरंटीत डिस्क बदलून घेतली त्यांनी जॉब शीटची झेरॉक्स २५ तारखेच्या आत कार्यालयात पाठवावी. पार्टीचं नाव खोडून, मॉडेल आणि तारीख ठेवून. शिवाय त्या काउंटरला एक ओळीचं पत्र लिहून जुनी डिस्क कुठे गेली ते विचारा. उत्तर आलं तर उत्तराची प्रत, नाही आलं तर "नाही आलं" एवढंच, तारखेसह.