सात जणींचा मोर्चा आणि कलम १३

१८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधिमंडळावर मुस्लिम स्त्रियांचा एक मोर्चा गेला. स्त्रिया होत्या फक्त सात. मोर्चामागे हमीद दलवाई. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्वाला बंदी घाला, समान नागरी कायदा आणा, अशा मागण्यांचं निवेदन त्यांनी दिलं. सात हा आकडा ऐकून आजही काही जण हसतात. मला मात्र त्या काळात त्या सात जणी घराबाहेर पडल्या कशा, याचंच नवल वाटतं.

आपल्याकडे अशा वेळी एक वाक्य हमखास ऐकू येतं : घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला? ठीक आहे, मग तिने जायचं कुठे? जमातीच्या बैठकीत, मशिदीच्या कमिटीत, काझीसाहेबांसमोर? तिथे निर्णय देणाऱ्यांत बाई सहसा नसतेच. रस्ता आणि न्यायालय, एवढ्या दोनच जागा तिला उरतात, आणि दोन्ही तिला राज्यघटनेनेच दिल्या आहेत.

आता न्यायालयाचं बघू. घटनेचं कलम १३ म्हणतं की मूलभूत हक्कांच्या आड येणारा कायदा तेवढ्यापुरता रद्द. पण १९५१ साली मुंबई उच्च न्यायालयाने नरसू अप्पा माळी खटल्यात ठरवलं की व्यक्तिगत कायदे या कलमाच्या कक्षेत येतच नाहीत. निकाल देणाऱ्यांत न्या. छागला होते, म्हणजे मुस्लिम घरातलेच. म्हणजे कलम १४ ने सगळ्यांना समान म्हटलं तरी निकाह, तलाक, वारसा यांच्या दारात ती समानता थबकली. २०१७ च्या शायरा बानो खटल्यात एका दमात दिलेला तिहेरी तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द झाला, तेव्हाही हा जुना निकाल जागचा हलला नाही. दोन न्यायमूर्तींनी तो तलाक मनमानी, म्हणून कलम १४ च्या विरुद्ध ठरवला, तिसऱ्यांनी, न्या. कुरियन जोसेफ यांनी, तो कुराणालाच मान्य नाही म्हणून. निकाल चांगलाच आहे. पण बहुमत झालं ते दोन वेगळ्या वाटांनी, हे विसरून चालणार नाही.

आणि न्यायालयात जिंकलेलं रस्त्यावर हरता येतं, हे शाहबानोने दाखवलं. साठी उलटलेली इंदूरची बाई. कनिष्ठ न्यायालयाने तिला महिना २५ रुपये पोटगी दिली, उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली. या एवढ्या पैशांसाठी देशभर मोर्चे निघाले, तिच्या विरोधात! १९८५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल संसदेने १९८६ च्या कायद्याने बोथट केला. तिचेच वकील दानियल लतीफी त्या कायद्याविरुद्ध लढले, आणि २००१ साली न्यायालयाने त्याच कायद्यातून अर्थ काढला की इद्दतच्या मुदतीत नवऱ्याने तिच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तजवीज केली पाहिजे. २०२४ मध्ये तर फौजदारी संहितेच्या कलम १२५ ची पोटगीही मुस्लिम घटस्फोटितेला मागता येते, असं पुन्हा स्पष्ट झालं. फिरून पुन्हा १९८५ वरच आलो, ३९ वर्षं घालवून.

अल्पसंख्याक म्हणून आपण कलम २५ आणि २६ उठता-बसता सांगतो, सांगायलाच हवं. पण कलम २५ ची सुरुवातच 'सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि या भागातील इतर तरतुदींच्या अधीन' अशी आहे, आणि त्या इतर तरतुदींत आपल्या मुलीची समानताही येते. हे कलम अर्धंच वाचायची सवय आपण सोडली पाहिजे.

दुसऱ्या बाजूचा कळवळाही तपासून घ्यावा. २०१९ च्या कायद्याने तिहेरी तलाक देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. त्यात निर्वाहभत्त्याची तरतूद आहे, पण तुरुंगात बसलेला रिक्षावाला तो भत्ता कुठून देणार, याचं उत्तर नाही. बाईला घर हवं होतं, मुलांची फी हवी होती. आणि त्याच वर्षी डिसेंबरात शाहीनबागेत त्याच मुस्लिम बायका नागरिकत्व कायद्याविरुद्ध थंडीत बसल्या, घटनेची उद्देशिका वाचू लागल्या, तेव्हा कालपर्यंत त्यांच्यासाठी अश्रू गाळणाऱ्यांना त्या अचानक कुणाच्या तरी चिथावणीने आलेल्या वाटल्या. दादी-नानींना स्वतःचं मत असू शकतं, हे मौलानांना जितकं जड जातं तितकंच यांनाही.

त्या सात जणींच्या मागण्यांपैकी बहुपत्नीत्वाची मागणी अजून तशीच आहे. त्याविरुद्ध आणि निकाह हलालाविरुद्धच्या याचिका २०१८ साली घटनापीठाकडे सोपवल्या गेल्या. तिथे वकील उभे राहतीलच. मला बघायचं आहे ते हे, की सुनावणीच्या दिवशी आपल्या मोहल्ल्यातून, आपल्या जमातींमधून, या बायकांच्या बाजूने उभं राहायला किती पुरुष येतात.