"ऊस जाऊ दे, मग बघू"

सभासद बंधू-भगिनींनो,

मी तुमच्यातलाच एक ऊस उत्पादक सभासद. हे टिपण मात्र बदलापूरजवळच्या बेलवलीहून लिहितोय. मुलगा इथे नोकरीला आहे. माझे हर्नियाचे, म्हणजे आपल्याकडच्या अंतर्गळाचे, ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केलीय, पेनला नाही.

जांघेतली गाठ तीन हंगाम होती. खोकले की यायची, आडवे पडले की जायची. दर वेळी घरात एकच उत्तर, "ऊस जाऊ दे, मग बघू." ऊस गेला की खोडव्याचे खत, मग सोसायटीचे देणे. शेवटी मुलाकडे आलो असताना एका रात्री गाठ आत जाईना, उलट्या सुरू झाल्या. आतडे अडकले होते. ठरवून केले असते तर एक-दोन दिवसांत घरी आलो असतो. आता आठ दिवस इस्पितळात गेले, आणि खोडव्याचे बिल त्यातच गेले.

ऑपरेशन एवढे महाग का, याचा पडल्या पडल्या विचार केला. आपल्या कारखान्यासारखेच आहे ते. गाळप होवो न होवो, पगार आणि व्याज चुकत नाही. ऊस कमी आला की टनामागे खर्च वाढतो. ऑपरेशन थिएटरचेही तसेच. भूल देणारा डॉक्टर, नर्स, प्राणवायू, जनरेटर हे सगळे तयार ठेवावेच लागते. आठवड्याला दोनच ऑपरेशने झाली तर तो बोजा त्या दोघांवर पडतो.

पण खर्च कमी करता येतो, हेही खरे. हर्नियात पोटाच्या भिंतीला जाळी लावतात. परदेशी जाळी गरिबाला परवडत नसे. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे शल्यविशारद डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून त्या कामी वापरले, आणि सहकाऱ्यांसह त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे आफ्रिकेत युगांडात ३०२ पुरुषांवर स्वस्त आणि महाग जाळीची तुलना झाली. ती २०१६ मध्ये छापून आली. वर्षभरानंतर दोन्हींत म्हणण्यासारखा फरक नव्हता. (घरची मच्छरदाणी फाडून कुणी दवाखान्यात नेऊ नये, कापड कोणते आणि निर्जंतुक कसे करायचे हे डॉक्टरांचे काम.)

इस्पितळाचे बिल हा मात्र अर्धाच हिशेब. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१५ मध्ये जगाचा अंदाज मांडला. शस्त्रक्रियेच्या बिलापायी दरवर्षी ३ कोटी ३० लाख माणसे आर्थिक संकटात सापडतात. आणि प्रवास, खाणे, राहणे अशा वरखर्चापायी आणखी ४ कोटी ८० लाख! जीपचे भाडे, सोबत्याचा बुडालेला रोज, गाईचे दूध काढायला ठेवलेला माणूस, हे कुठल्याच पावतीवर येत नाही.

शासनाची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना घेण्याचा आणि मर्यादा दीड लाखावरून ५ लाख करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. आपला आजार आणि जवळचे इस्पितळ यादीत आहे का, ते गाठ लहान असतानाच विचारून ठेवावे. रात्री बारा वाजता कागद शोधायचे म्हणजे काय, ते मी पाहिलंय.

लोणीला १९७६ मध्ये प्रवरा ग्रामीण रुग्णालय उभे राहिले, त्यामागे साखर कारखाना उभा करणाऱ्यांचाच पुढाकार होता. आपण लगेच तेवढे करावे असे म्हणत नाही. पण हंगाम सुरू होण्याआधी गटवार तपासणी ठेवायला काय हरकत आहे? ऊसतोड टोळ्या आल्या की त्यांचीही करावी. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारा गडी सभासद नाही, पण गाठ त्यालाही येते, आणि मुकादमाची उचल फिटेपर्यंत तो ती दाखवणार नाही. बाईमाणूस तर त्याहून गप्प.

दुसरे, ज्या सभासदाचे ऑपरेशन ठरले आहे त्याची तोड पाळीप्रमाणेच यावी आणि त्याच्या फडाकडे गटाच्या शेतकी कर्मचाऱ्याने लक्ष द्यावे. आपण तारीख पुढे ढकलतो ती बहुतेक याच धास्तीने. याला कारखान्याचा पैसा फारसा लागत नाही.

असा ठराव वार्षिक सभेसाठी मी लेखी पाठवला आहे. अनुमोदक हवा आहे.

आपला,
एक सभासद
(मु. बेलवली)