कोयता निघण्याआधी

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागांतून कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांची जोडपी, निघतील. गाडीत संसार चढतो, त्यातच पाय बांधलेल्या चार-दोन कोंबड्या आणि एखादा कोंबडा. साखर कारखान्याच्या तळावर कोपीला (झोपडीला) कोपी लागून असते. गावोगावचे पक्षी तिथे एकत्र चरतात. कोंबड्यांच्या मानमोडी (राणीखेत) या विषाणूजन्य रोगाला याहून सोयीची जागा नाही. म्हणून पशुवैद्यक, पर्यवेक्षक आणि पशुसखींना सांगणे एकच: टोळी निघण्याआधी पक्ष्यांना लस टोचा.

मानमोडी लागली की औषध नाही. कोंबडा पिसे फुलवून बसतो, चोच उघडून श्वास घेतो, हिरवट हगतो, पाय-पंख लुळे पडतात, मान पिरगळते. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, तरीही कॅप्सूल फोडून पाण्यात टाकायला आपल्यातलेच काही जण सांगतात. हे थांबले पाहिजे. त्यात दोन दिवस जातात, मग घाबरलेले घर उरलेले पक्षी आठवडी बाजारात विकते आणि रोग पुढच्या गावी पोचतो.

आठ आठवड्यांवरच्या निरोगी पक्ष्याला मानमोडीची आर-टू-बी लस अर्धा मिली, कातडीखाली. अडचण लशीत नाही, कुपीत आहे. कुपीत शंभर किंवा जास्त मात्रा, दारात सात-आठ पक्षी, आणि विरघळवलेली लस दोन तासांत संपवायची. एका घरासाठी कुपी कोण फोडणार? त्यासाठी अख्खी वस्ती, अख्खा तांडा एकदम घ्यावा. दिवेलागणीला, पक्षी खुराड्यात शिरल्यावर. लस बर्फातच न्यावी. जंतनाशक आठवडाभर आधी द्यावे. प्रतिकारशक्ती यायला दोन आठवडे लागतात, हेही धरून चालावे.

प्रत्येक आजारी कोंबडा मानमोडीचा नसतो. तुऱ्यावर खपल्या म्हणजे बहुधा देवी. डोळे स्वच्छ ठेवून आयोडीन लावावे. पायाचे खवले उचकटले असतील तर ते किडीचे काम. कोमट साबणपाण्यात पाय भिजवून तेल चोळावे. तुरा फिका पडला असेल तर रात्री टॉर्च घेऊन खुराड्याच्या फटी तपासा. गोचीड दिवसा तिथे लपते आणि अंधारात रक्त पिते.

तुरा जांभळा पडून एकाएकी बरेच पक्षी मेले, तर मात्र दारात चिरफाड करू नका, लगेच कळवा. जानेवारी 2021 मध्ये शेजारच्या परभणीतील मुरुंब्यात कोंबड्या आणि आपल्या जिल्ह्यात कावळे बर्ड फ्लूने मेले होते.

मुकादमांकडून टोळ्या निघण्याच्या तारखा आताच घ्या आणि नवरात्राआधी लशीची मागणी तालुक्याच्या दवाखान्यात नोंदवा.